निजामी राजवटीच्या अंतानंतर मराठवाड्यातील स्थलनामांचे परिवर्तन : पुनःस्थापना, शुद्धलेखन आणि नामविस्तार

प्रस्तावना :

परकीय सत्ता गेली की तिने ठेवलेली गावांची नावेही जातात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लिओपोल्डविलचे १९६६ साली किन्शासा झाले, सॅलिसबरीचे १९८२ साली हरारे झाले. शेजारच्या पाकिस्तानात माँटगोमेरीला साहिवाल हे जुने नाव परत मिळाले आणि लायलपूरला फैसलाबाद हे सर्वस्वी नवे नाव मिळाले. वसाहतोत्तर नामांतराच्या चर्चेत ही उदाहरणे नेहमी येतात. ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रात मात्र इंग्रजांनी नव्याने बारसे केलेली गावे फारच थोडी होती. महाबळेश्वरजवळचे माल्कमपेठ हे त्यांतील एक ठळक नाव. बाकीचे काम बव्हंशी पूना, ठाणा, शोलापूर, नासिक ही इंग्रजी रूपे मराठी उच्चाराच्या जवळ आणण्याचे होते.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. येथे सत्तांतराचा दिवस १५ ऑगस्ट १९४७ नसून १७ सप्टेंबर १९४८ आहे. येथील नावांवर इंग्रजांचा नव्हे, तर मोगल आणि आसफजाही राजवटींचा ठसा आहे. निजामाच्या राजवटीला 'वसाहतवादी' हे विशेषण लावावे का, हा प्रश्न येथे बाजूला सारता येत नाही. काटेकोर अर्थाने ती वसाहत नव्हती. ती इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली चालणारी वंशपरंपरागत सरंजामी सत्ता होती. त्यामुळे तिची नावे देण्याची रीतही सरंजामी होती. इंग्रजांनी गव्हर्नरांची नावे पेठांना आणि टेकड्यांना दिली, तर निजामाने आपल्या घराण्याची नावे जिल्ह्यांना दिली. महबूबनगर, निजामाबाद आणि उस्मानाबाद ही त्याची उदाहरणे होत.

प्रस्तुत निबंधात मराठवाड्यातील काही स्थलनामांचा, विशेषतः नांदेड व लातूर परिसराच्या संदर्भात, विचार केला आहे. 'नामांतर' हा एकच शब्द आपण किमान चार वेगवेगळ्या घटनांसाठी वापरतो. बोलीत जिवंत असलेले नाव कागदावर परत येणे, लिपीबदलामुळे बिघडलेले रूप दुरुस्त होणे, एका सत्तेचे नाव काढून दुसरे नवे नाव देणे आणि असलेल्या नावाला जोड देणे, या त्या घटना. यांची गल्लत झाली की इतिहासाचे नुकसान होते. ते केवळ अभ्यासकाचे नुकसान नाही, हे निबंधाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

धाराशिव आणि उस्मानाबाद :

उस्मानाबाद हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले, हे सर्वज्ञात आहे. मात्र एक बारकावा सहसा ध्यानात घेतला जात नाही. उस्मान अली खान गादीवर आले ते १९११ साली. १९०८-०९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये मात्र पूर्वीच्या नळदुर्ग जिल्ह्याचा उल्लेख 'उस्मानाबाद जिल्हा' असाच आहे. म्हणजे हे नाव राज्यकर्त्याचे नव्हते, ते युवराजाचे होते. वडील मीर महबूब अली खान हयात असताना आणि राज्य करीत असताना ते दिले गेले. या परिसरातील मोठा मुलूख सर्फेखासचा, म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीचा होता. घरच्या मालमत्तेला मुलाचे नाव द्यावे, तसा हा प्रकार होता, असे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे. या नामकरणामागे धार्मिक हेतू शोधणारे आणि त्यात लोककल्याणाचा स्मृतिस्तंभ पाहणारे, दोघेही या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

धाराशिव हे नाव मात्र पुसले गेले नाही. गावाजवळच्या प्राचीन लेण्यांना सर्व अभ्यासक धाराशिवची लेणी असेच म्हणत आले. खेड्यापाड्यांतील वृद्ध माणसे बाजाराला 'धाराशिवला' जात आणि कोर्टकचेरीचे कागद मात्र उस्मानाबादचे असत. एकाच गावाची दोन नावे दोन कामांसाठी वापरण्याची ही सवय तीन-चार पिढ्या टिकली. तीत कोणाला विसंगती वाटत नव्हती.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या राजवटीविरुद्ध लढा झाला तिच्या अधिपतीचेच नाव धारण करणारा जिल्हा १९४८ नंतर लगेच का बदलला गेला नाही? मुक्तिसंग्रामाच्या अखेरच्या वर्षी रझाकारांनी या भागात केलेल्या अत्याचारांच्या आठवणी ताज्या होत्या. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ. तेव्हा लातूर याच जिल्ह्यात होते. दुसऱ्या बाजूला, पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर मुस्लिम समाजावर जो हिंसाचार झाला, त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदविले. या चार जिल्ह्यांतील मृतांची संख्या तिने किमान १८,००० मानली. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. मनात इतके दुखणे असताना जिल्ह्याचे नाव तसेच राहिले. यामागे तत्कालीन प्रशासनाचा जाणीवपूर्वक संयम होता की जहागिरी, कुळे, जमीनमहसूल, चलन अशा निकडीच्या कामांपुढे नावाचा विषय मागे पडला, हे ठामपणे सांगता येणार नाही. लेखकाचा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. १९४९ साली सर्फेखास खालसा झाले, त्याच वर्षी जहागिरी नष्ट झाल्या आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने निजाम गेला तो तेव्हा. पाटीवर त्याचे नाव राहिले काय आणि गेले काय, त्याने फारसा फरक पडत नव्हता.

तो फरक पडू लागला नंतरच्या राजकारणात. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या संमतीनंतर शहराचे नाव धाराशिव झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा, उपविभाग व तालुका या महसुली क्षेत्रांनाही ते लागू झाले. प्रक्रिया राजकीय असली तरी आशयाने ही पुनःस्थापना आहे, कारण परत आलेले नाव लोकांच्या तोंडी होतेच.

मोमिनाबादचे अंबाजोगाई :

पुनःस्थापनेचे याहून निर्मळ उदाहरण म्हणजे अंबाजोगाई. बीड जिल्ह्यातील हे गाव नांदेड-लातूरच्या वाचकाला परके नाही. मुकुंदराजांची समाधी, दासोपंत आणि यादवांचा सेनापती खोलेश्वर यांमुळे मराठी वाङ्मयाच्या व इतिहासाच्या अभ्यासकाला ते घरचे वाटते. 'जोगाईचे आंबे' हे त्याचे जुने, कानाला गोड लागणारे नाव. निजामी अमदानीत त्याचे मोमिनाबाद झाले. या मोमिनाबादला दुहेरी रंग होता. येथे हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ राहत असे. ही फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज आणि तिच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलेला. म्हणजे मराठवाड्यात 'वसाहत' कोठे प्रत्यक्ष दिसत असेल, तर ती मोमिनाबाद, हिंगोली, जालना येथील छावण्यांत.

गावातील लोकांनी मात्र देवीचे नाव सोडले नाही. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेतून पुढे या गावी आले ते योगेश्वरीच्या नावाच्या शाळेत. सरकारी दप्तरात मोमिनाबाद आणि शाळेच्या पाटीवर योगेश्वरी, असा तो काळ होता. (स्वामीजींनी स्वतःही नाव बदलले होते. व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. संन्यास घेतल्यावर माणसाचे मागचे नाव सुटते. गावाला ही सोय नाही, त्याचे मागचे नाव दप्तरात राहतेच.)

निजामी राजवटीनंतर मोमिनाबाद हे नाव मागे पडले आणि अंबाजोगाई रूढ झाले. त्यासाठी मोठे आंदोलन झाल्याचे ऐकिवात नाही, दंगल नाही की न्यायालयीन खटला नाही. कारण उघड आहे. नवे नाव कोणी शोधून काढले नव्हते. गावाने ते वापरातून कधी जाऊ दिलेच नव्हते. सरकारने केवळ आपल्या कागदाची दुरुस्ती केली. आज अंबाजोगाईतील तरुण मुलाला मोमिनाबाद कोठे आहे असे विचारले तर तो दुसऱ्या एखाद्या गावाचे नाव समजेल. हे विस्मरण सुखाचे वाटते, पण त्याची किंमत आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

भीर, नांदेर आणि लिपीचा प्रश्न :

मराठवाड्यातील काही नावे बदलली ती सत्तेमुळे नव्हे, लिपीमुळे. मराठीतील बीड आणि नांदेड यांच्या शेवटच्या 'ड'चा उच्चार जीभ उलटी फिरवून होतो. उर्दूत त्यासाठी 'ड़े' हे स्वतंत्र अक्षर आहे. उर्दू दप्तरावरून इंग्रजीत उतरवताना त्या अक्षराचा 'र' झाला. त्यामुळे जुन्या इंग्रजी ग्रंथांत नांदेडचे 'नांदेर' आणि बीडचे 'भीर' झालेले आढळते. मराठी माणसाच्या तोंडी ही रूपे कधीच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ही रूपे एकदम दुरुस्त झाली असेही नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात नांदेड शुद्ध आहे, पण बीड मात्र 'भीर'च आहे. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या बीड जिल्हा गॅझेटियरच्या इंग्रजी शीर्षकातही 'भीर' कायम होते. निजाम जाऊन एकवीस वर्षे झाली होती, मराठी राज्य होऊन नऊ, तरी उर्दू कारकुनाच्या लेखणीतून इंग्रज लेखकाच्या कानात गेलेला तो 'र' सरकारी मुखपृष्ठावर ठाण मांडून बसला होता. सत्तेपेक्षा दप्तर चिवट असते, याचे याहून चांगले उदाहरण लेखकाला माहीत नाही.

नांदेड आणि लातूर ही दोन्ही नावे तशी फार जुनी आहेत. वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात 'नान्दीकड' या प्रदेशाचा उल्लेख आहे आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी तो नांदेडशी जोडला. राष्ट्रकूटांच्या बिरुदातील 'लत्तलूर' म्हणजे आजचे लातूर, हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले गेले आहे. या गावांवर चालुक्य, यादव, बहामनी, बरीदशाही, मोगल, आसफजाही अशा कितीतरी सत्ता आल्या आणि गेल्या, पण नावाचा सांगाडा टिकला. ज्या गावांना मोठे राजकीय महत्त्व आले नाही, त्यांची नावे वाचली, असे म्हणण्याचा मोह होतो. नांदेडच्या बाबतीत ते पूर्णतः खरे नाही. परंतु राजधानी होण्याचा मान मिळाला म्हणजे नाव जाण्याचा धोका वाढतो, हे खडकीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

खडकी ते छत्रपती संभाजीनगर :

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे शहर वसविले. त्याचा मुलगा फतेहखान याने त्यास फतेहनगर म्हटले. पुढे औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ च्या सुमारास, ते औरंगाबाद झाले. १९८८ साली शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर सभेत संभाजीनगर हे नाव घोषित केले. १९९५ साली युती शासनाने त्या दिशेने पाऊल उचलले. प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढे विलासराव देशमुख यांच्या शासनाने, म्हणजे लातूरच्या मुख्यमंत्र्यांनी, २००१ साली ती अधिसूचना मागे घेतली. जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने आणि पुढच्याच महिन्यात एकनाथ शिंदे यांच्या शासनाने पुन्हा ठराव केला. दुसऱ्या ठरावात 'छत्रपती' हे पद जोडले गेले. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची संमती आली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी विरोधी याचिका फेटाळल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने विषय येथे संपला.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. हे नामांतर धाराशिव किंवा अंबाजोगाईच्या जातीचे नाही. ही पुनःस्थापना असती तर नाव खडकी व्हावयास हवे होते. १६८९ साली ज्या बादशहाने संभाजी महाराजांना क्रूरपणे ठार मारले, त्याचे नाव शहरावर असू नये, ही भावना समजण्यासारखी आहे आणि ती प्रामाणिक आहे. परंतु हा एका नावाच्या जागी दुसऱ्या नावाने केलेला न्याय आहे, जुन्या नावाचे परत येणे नव्हे. मागणी करणाऱ्यांनी तसे स्पष्ट म्हटले तर वाद अधिक स्वच्छ होईल. तसेच या शहरात चार शतके राहिलेल्या कुटुंबांना 'औरंगाबादी' हे नाव बादशहाचे म्हणून नव्हे, तर आपल्या गल्लीचे म्हणून प्रिय होते, हेही विसरून चालणार नाही. कवी, कारागीर आणि हिमरू विणणारे हे नाव आपल्या नावापुढे लावीत आले. आणि ज्याने नहरी बांधून हे शहर वसविले त्या मलिक अंबरचे नाव चारही नामकरणांत कोठेच नाही.

केंद्रीय गृह मंत्रालयाने सप्टेंबर १९५३ मध्ये नामांतरासंबंधी राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. लोकांच्या सवयीचे नाव सबळ कारणाशिवाय बदलू नये, ऐतिहासिक संबंध असलेली नावे शक्यतो राखावीत, केवळ स्थानिक अभिमानापोटी बदल करू नये आणि नवे नाव निवडताना त्याच नावाच्या दुसऱ्या गावाशी घोटाळा होणार नाही हे पाहावे, असा त्यांचा आशय आहे. यांतील अखेरची सूचना सर्वांत रूक्ष वाटते. प्रत्यक्षात मराठवाड्याच्या संदर्भात तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

दोन राजुरे :

लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुका विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये त्या नावाने सापडत नाही. तेथे बिदर जिल्ह्यात 'राजुरा' तालुका सापडतो. तोच पुढे अहमदपूर झाला. त्याच वेळी निजामाच्या राज्यात आदिलाबादकडेही एक राजुरा तालुका होता. तो आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके आले. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडल आले. आदिलाबादचा हा राजुरा काही काळ नांदेड जिल्ह्यात होता आणि नंतर, १९५९ साली, चांदा जिल्ह्यात गेला. नांदेड जिल्ह्याने याच वेळी देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैसा व कुबेर ही मंडले गमावली. पुढे १५ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला.

आता एखाद्या कुटुंबाच्या पणजोबाची नोंद शोधण्याची वेळ आली, असे समजा. कागद उर्दूत आहे, सन फसली आहे (त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो), आणि तालुक्याच्या रकान्यात 'राजुरा' आहे. हे कोणते राजुरा? बिदर जिल्ह्यातले असेल तर नोंदीचा वारसदार आज अहमदपूरला आहे, आदिलाबादचे असेल तर चंद्रपूरकडे. 'मोमिनाबाद' असेल तर अंबाजोगाईला जावयाचे, 'नळदुर्ग जिल्हा' असेल तर धाराशिव किंवा लातूरला.

हा काल्पनिक प्रश्न नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्या निर्णयाच्या बाजूने व विरोधात जे बोलले जाते तो या निबंधाचा विषय नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट प्रथमच सामान्य माणसाच्या उंबरठ्यावर आली. खासरा, पाहणीपत्रक, कुळाची नोंदवही, शाळेचा निर्गम उतारा यांवर गावाचे व तालुक्याचे जे जुने नाव आहे, त्यावर आज मुलामुलींचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून राहू लागल्या. प्रस्तुत लेखकाकडे गेल्या दोन वर्षांत असे कागद घेऊन आलेले पालक बरेच आहेत. त्यांतील बहुतेकांना उर्दू येत नाही आणि ज्यांना उर्दू येते त्यांना जुनी तालुकावार रचना माहीत नाही. एका गृहस्थांनी वडिलांचा दाखला दाखविला. जन्मस्थळ मोमिनाबाद होते. नात्यातल्या कोणालाच ते गाव माहीत नव्हते, म्हणून कागद चुकीचा समजून त्यांनी तो वर्षभर पेटीत ठेवून दिला होता. गृहस्थ राहणारे अंबाजोगाईपासून अवघ्या काही कोसांवरचे.

नामांतर करताना शासन नव्या नावाची अधिसूचना काढते, पण जुन्या-नव्या नावांची जोडसूची कायमस्वरूपी प्रसिद्ध करीत नाही. महसूल संहितेच्या कलम ४ नुसार क्षेत्राचे नाव बदलता येते. मात्र मागच्या नावाचे काय करावयाचे, याची व्यवस्था गाव-तहसिलीच्या पातळीवर दिसत नाही. अंबाजोगाईचे नामांतर निर्मळ झाले खरे, परंतु त्यानंतर मोमिनाबाद हे नाव जपण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

नांदेडची रीत : जोड आणि विस्तार :

नांदेड शहराचे नाव बदलावे अशी प्रबळ मागणी झाली नाही. वास्तविक तसे कारण होते. गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ साली येथे निर्वाण झाले आणि शीख समाजात हे स्थान हजूर साहिब, अबचलनगर म्हणून वंदनीय आहे. परंतु येथे नाव बदलण्यापेक्षा जोडण्याकडे कल राहिला. रेल्वेस्थानक 'हजूर साहिब नांदेड' झाले, अभियांत्रिकी संस्थेला व विमानतळाला गुरूंचे नाव मिळाले. १९९७ साली महानगरपालिका झाली तेव्हा तिच्या नावातच शेजारचे गाव आले आणि ती 'नांदेड-वाघाळा' झाली. वाघाळा हे नाव नांदेडच्या पोटात गडप होऊ शकले असते. ते झाले नाही. याचे श्रेय कोणाला द्यावे हा भाग वेगळा.

ही रीत सहज आली, असे म्हणता येणार नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा गावांच्या नावांचा नव्हता, तरी नावाचा प्रश्न म्हणजे काय हे मराठवाड्याने त्यातूनच जाणले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्हा त्यात सर्वाधिक पोळला. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांना प्राण गमवावे लागले. 'मराठवाडा' हे नाव मुक्तिसंग्रामाची अस्मिता आहे, ते जाऊ नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात सर्वांच्याच मनात द्वेष होता असे नव्हे. परंतु मराठवाड्याच्या मुक्तीत ज्यांचा वाटा होता त्यांतच गावकुसाबाहेरचे लोकही होते, ही गोष्ट त्या अस्मितेच्या मांडणीत बसत नव्हती. पंधरा वर्षे आंदोलन चालले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव आले.

'नामविस्तार' हा शब्द तेव्हा तडजोडीचा म्हणून अनेकांना खटकला. आजही जाणत्या कार्यकर्त्यांना तो खटकतो आणि त्यांचे कारण रास्त आहे. कोणत्या नावासाठी विस्तार पुरेसा मानला जातो आणि कोणत्या नावासाठी संपूर्ण बदल केला जातो, हा प्रश्न त्यांनी विचारला तर त्यास उत्तर देणे कठीण आहे. तरीही अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता, ज्यात मागचे नाव पुसले जात नाही असा हा एक प्रकार मराठवाड्याने देशाला दिला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिदिनी, नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्याच्या नावात स्वामी रामानंद तीर्थ आहेत आणि मराठवाडाही आहे. संस्थानी राज्य संपविणाऱ्याचे नाव आणि प्रदेशाचे नाव तेथे एकाच पाटीवर आले. त्यावर कोणी वाद घातला नाही.

कामाचे स्वरूप :

लेखकाने विभागातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावांची एक जोडसूची तयार करावयास घेतली आहे. प्रत्येक गावासमोर आजचे मराठी नाव, उर्दू दप्तरातील रूप, इंग्रजी गॅझेटियरमधील रूप, १९५६ पूर्वीचा तालुका-जिल्हा आणि १९८२ नंतरचा तालुका-जिल्हा, असे रकाने आहेत. अहमदपूर, निलंगा व उदगीर येथून सुरुवात केली, कारण घोटाळा तेथेच अधिक आहे. उर्दू वाचनासाठी गावोगावचे वयोवृद्ध निवृत्त शिक्षक मोठी मदत करतात. त्यांतील बहुतेक मुस्लिम समाजातील असून मराठा, धनगर, लिंगायत, दलित अशा सर्व घरांचे कागद ते सारख्याच मनोभावे वाचून देतात. त्यांपैकी कित्येकांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.

प्राध्यापक बंधुभगिनींपैकी ज्यांच्या महाविद्यालयाच्या परिसरात १९५६ पूर्वीचे शाळेचे दाखले, सारा भरल्याच्या पावत्या, जत्रेची निमंत्रणे, जुन्या दुकानांच्या वह्या किंवा लग्नपत्रिका असतील, त्यांनी त्यांतील गावाचे नाव जसेच्या तसे, लिपीसह, उतरवून ठेवावे, ही विनंती आहे. 'राजुरा' लिहिलेला कागद आढळल्यास त्याच्याबरोबर शेजारच्या एखाद्या गावाचे नावही टिपावे. कोणते राजुरा हे ठरविण्यास तेवढे पुरते.